व्हरायटी चौकाची फाइल कोणाच्या टेबलावर?

नागपूरच्या कुठल्याही नाक्यावर उभे राहा, दर दुसऱ्या शेअर ऑटोवाल्याचा पुकारा एकच: 'बर्डी, बर्डी, बर्डी!' सीताबर्डीला येणारा माणूस उतरतो तो मुंजे चौकात, झाशी राणी चौकात नाहीतर व्हरायटी चौकात, आणि मग पायीच मेन रोडकडे वळतो. या तिघांपैकी व्हरायटी चौक मी या प्रकरणासाठी निवडला, त्याला एक कारण आहे. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत नागपुरात झालेल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या निर्णयाचा धक्का या चौकाला लागला, पण चौकासाठी म्हणून त्यातला एकही निर्णय झाला नाही. रस्त्याची फाइल आहे, उड्डाणपुलाची आहे, मेट्रोची आहे, अतिक्रमणाची आहे, सिग्नलची आहे. खुद्द चौकाची फाइल कुठल्या टेबलावर आहे, ते कोणीच सांगू शकत नाही.

गाव आणि सिव्हिल लाइन्सच्या मधली वाट

जुनं नागपूर सीताबर्डीच्या टेकडीच्या पूर्वेला. देवगडच्या बख्त बुलंद शाहनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं, नंतर भोसल्यांनी वाढवलेलं. महाल, इतवारी हा सगळा भाग त्यातला. सीताबर्डी तेव्हा गावाबाहेर होती. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज याच टेकडीवर लढले, इंग्रज जिंकले, आणि तेव्हापासून टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे तो आजतागायत. सामान्य माणसाला तो वर्षातून मोजक्या दिवशीच उघडतो. 1853 मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, राज्य खालसा झालं. 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं आणि साहेबांच्या कचेऱ्या टेकडीच्या पल्याड, सिव्हिल लाइन्सकडे वाढत गेल्या. 1867 मध्ये रेल्वे आली.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. कारकुनाचं घर महालात किंवा इतवारीत, कचेरी सिव्हिल लाइन्सला. मध्ये टेकडी. टेकडी चढून कोण जाणार? वाट पायथ्यानं पडली. त्या वाटेवर दुकानं बसली, आणि जिथं चार वाटा एकमेकींना कापत होत्या तिथं चौक झाला: पूर्वेला मेन रोड आणि पुढे लोखंडी पूल, पश्चिमेला महाराजबाग, उत्तरेला झिरो माइल, दक्षिणेला झाशी राणी चौक. आखून-मोजून बसवलेल्या चौकाच्या मधोमध निदान एखादा गोल बगिचा तरी असतो. याला तोही मिळाला नाही.

'व्हरायटी' हे नाव एका टॉकीजचं, असं जुने नागपूरकर सांगतात. टॉकीज गेली, नाव टिकलं. आता चौकात मॉल आहे आणि सिनेमा मॉलच्या वरच्या मजल्यावर चालतो. म्हणजे सिनेमा पाहून बाहेर पडलेली गर्दी पूर्वी थेट चौकात सांडायची, ती आता सरकत्या जिन्यानं तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरते. फरक किरकोळ वाटेल, पण चौकातली संध्याकाळ त्यानं बदलली.

संध्याकाळ घालवायच्या जागा इथं बऱ्याच होत्या. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ (स्थापना 1923, अमरावतीला, नंतर बस्तान नागपुरात), त्याला लागूनच मोर हिंदी भवन. दोन भाषांचे साहित्यिक एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसतात, हे आमच्या शहराला शोभून दिसतं. कार्यक्रम संपला की माणसं रमतगमत व्हरायटीपर्यंत यायची, गांधीजींच्या पुतळ्याजवळ उभं राहून वाद घालायची. मोर भवन म्हटलं की आता सिटी बसचा स्टँड आठवतो.

मोर्चाचा रस्ता

चौकाचा दुसरा जन्म राजकारणातून झाला. विदर्भाला मराठी राज्यात सामील करून घेण्याचा 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार, 1956 मध्ये नागपूरहून गेलेली राजधानी, आणि त्या बदल्यात 1960 नंतर विधिमंडळाचं दरवर्षीचं हिवाळी अधिवेशन. अधिवेशन आलं की मोर्चे आले. यशवंत स्टेडियमवर जमायचं, पंचशील, झाशी राणी, व्हरायटी असं सरकत मॉरिस कॉलेज टी पॉइंटपर्यंत जायचं, तिथं पोलिसांचे कठडे. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, धानाचा बोनस मागणारे शेतकरी, वेगळा विदर्भ मागणारे, सगळे याच वाटेनं गेले. महाराष्ट्राच्या कुठल्या कोपऱ्यात कोण नाराज आहे हे डिसेंबरात व्हरायटी चौकात उभं राहिलं की कळायचं. वर्तमानपत्र वाचायची गरज नाही.

23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाचा मोर्चा आला. मागणी होती आदिवासी म्हणून मान्यतेची. झिरो माइलजवळ गर्दी अडली, पोलिसांच्या कारवाईनंतर पळापळ झाली, आणि चेंगराचेंगरीत 114 जण गेले. त्यात बायका-मुलं जास्त. त्यांचं स्मारक झिरो माइलजवळ आहे. मूळ मागणीचं पुढं काय झालं? 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला.

व्हरायटी चौकाच्या डोक्यावरून जाणाऱ्या उड्डाणपुलाला या गोवारी शहिदांचं नाव आहे. भावना चांगलीच आहे, तिला बोट लावायचं नाही. पण चेंगराचेंगरी ही जागेअभावी होते. हजारो माणसं एकाच वेळी कुठं थांबतील, बाहेर कुठून पडतील, पाणी कुठं पितील, याचं उत्तर नसलं की होते. त्या घटनेनंतर पोलिसांच्या बंदोबस्ताची पद्धत बदलली, कठड्यांची रचना बदलली. जमणाऱ्यांसाठी जमिनीवरची जागा वाढली नाही. ज्यांना थांबायला जागा नव्हती त्यांच्या नावानं आपण जे बांधलेलं आहे, तिथं थांबायलाच मनाई आहे.

माझ्या मते या प्रकरणाचा काटा इथं बसतो. उड्डाणपुलानं चौकातून जाणाऱ्यांची सोय केली आणि चौकात येणाऱ्यांच्या वाट्याला त्याची सावली आणि खांब आले. सावली कमी लेखू नका, मे महिन्यातल्या नागपुरात ती मोलाची आहे. फक्त ती सावली मिळाली कुणाला, तर उभ्या करून ठेवलेल्या दुचाकींना.

मेट्रोनं माणसं पायी केली

8 मार्च 2019 ला खापरीहून येणारी मेट्रो प्रवाशांना घेऊन सीताबर्डीपर्यंत धावू लागली. जानेवारी 2020 मध्ये लोकमान्य नगरकडची मार्गिका येऊन मिळाली, ऑगस्ट 2021 मध्ये कस्तुरचंद पार्कपर्यंतचा तुकडा सुरू झाला आणि डिसेंबर 2022 मध्ये उरलेल्या दोन दिशा. दोन्ही मार्गिका जिथं एकमेकींना भेटतात ते सीताबर्डी स्टेशन मुंजे चौकात. म्हणजे हिंगण्याचा विद्यार्थी, पारडीकडची गृहिणी, कामठी रोडवरचा कामगार, सगळे बदली करायला किंवा खरेदीला इथंच उतरणार.

मेट्रोनं नागपूरकराला एक अवघड गोष्ट करायला लावली, ती म्हणजे चालणं. हा तो माणूस आहे जो पानठेल्यासमोर गाडी बंदही न करता, सीटवर बसल्या बसल्या सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून मागतो. त्याला मेट्रोनं स्टेशनाच्या पायऱ्या उतरवून जमिनीवर आणलं. आणि जमिनीवर काय आहे?

मुंजे चौकातून व्हरायटीकडे निघा. पहिली काही पावलं फुटपाथ रुंद, नवा, गट्टू (सिमेंटच्या विटा) एका पातळीत. मग विजेच्या एका डीपीच्या पेटीनं त्याचा अर्धा भाग खाल्लेला. पेटीला वळसा घालायचा तर तिथं बाइक लावलेली, तिचं हँडल आपल्या पोटाच्या उंचीवर. खाली उतरावं तर कडेला ऑटोंची रांग. पुन्हा वर चढावं तर मोज्यांचा ढीग आणि त्यामागे पाटावर बसलेला पोरगा. पुढं झाकण हललेलं चेंबर, त्यावर खूण म्हणून कोणीतरी ठेवलेली विटेची अर्धी. गट्टू एका बाजूनं खचलेले, त्यात साचलेलं पाणी. मुलाला कडेवर घेतलेली बाई इथून रस्त्यावर उतरते आणि मग उतरलेलीच राहते. पुन्हा फुटपाथवर चढायच्या भानगडीत पडत नाही. काठी टेकत चालणाऱ्या काकांना तेवढंही जमत नाही.

या एवढ्याशा अंतरात किती खाती आहेत ते बघा. फुटपाथ महापालिकेचा, स्टेशनालगतचा पट्टा मेट्रोचा, डीपी वीज कंपनीची, चेंबर कधी सांडपाण्याचं तर कधी केबलचं, बाइक वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीतली, मोजेवाला अतिक्रमण विभागाच्या. प्रत्येक खातं आपापलं काम करतं, म्हणजे कधीमधी करतंही. पण एक माणूस मुंजे चौकातून व्हरायटीपर्यंत न अडखळता पोचावा हे कोणाचंच काम नाही. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. नगरसेवकाच्या दारात जाऊन आरडाओरडा करायची सोयही त्या काळात उरली नव्हती.

चार टोकांची ताडपत्री

चौकावरचं भांडण कोणतं असं विचारलं तर कोणीही सांगेल: हॉकर्स. मेन रोडच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना कपडे, चपला, मोबाइलची कव्हरं, केसांच्या पिना, बेल्ट, लहान मुलांचे फ्रॉक. मागे पक्की दुकानं. दुकानदार म्हणतात, आम्ही कर भरतो, भाडं भरतो, आणि आमच्या दुकानाचं तोंडच दिसत नाही. हॉकर म्हणतात, गिऱ्हाइक बर्डीवर येतं ते आमच्यामुळे. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही. काही दुकानदारच समोरच्या जागेचे पैसे घेतात, ही कुजबुजही बर्डीवर नवी नाही.

'गाडी आली रे!' अशी हाक येते तेव्हा काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. ताडपत्रीच्या चारही टोकांना आधीच दोऱ्या ओवलेल्या असतात. विक्रेता मधोमध उभा राहून चारही दोऱ्या एकदम ओढतो, वीस-पंचवीस हजारांचा माल क्षणात गाठोडं होतो आणि शेजारच्या बोळीत दिसेनासा होतो. जे गिऱ्हाइक भाव करत होतं ते हातात एकच चप्पल घेऊन उभं. अतिक्रमणची गाडी पुढं गेली की पंधरा-वीस मिनिटांत ताडपत्री पुन्हा पसरते. गिऱ्हाइकही थांबलेलं असतं, कारण दुसरी चप्पल गाठोड्यात असते. ज्याच्याकडे लोखंडी स्टँड किंवा हातगाडी आहे तो मात्र सापडतो, म्हणजे कारवाईचा मार बसतो तो थोडंफार स्थिरावलेल्या माणसाला.

या खेळाला पर्याय कायद्यानं दिलेला आहे. पथविक्रेत्यांचा 2014 चा केंद्रीय कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण करा, विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्या, आणि ते पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवू नका. त्यासाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचं धोरण त्यात आहे. हे आकडे चौकातल्या चहाच्या ठेल्यावर पुष्कळांना पाठ आहेत.

मला त्याच कायद्यातली एक वेगळी तरतूद महत्त्वाची वाटते, आणि चर्चेत ती फारशी येत नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळ जिथं बाजार भरतो तो वारसा बाजार ठरवायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना दुसरीकडे हलवायचं नाही, असं कायदा म्हणतो. बर्डीच्या बाजारानं पन्नाशी कधीच ओलांडली. मग प्रश्न 'हॉकर्स हवेत की नकोत' हा राहतच नाही. किती, कुठं, किती फुटांत, कोणत्या वेळात, एवढाच राहतो. पन्नास वर्षं बसलेली बाई आणि गेल्या दिवाळीला जागा धरलेला माणूस यांत फरक करायचा तर कागद लागतो, आणि कागद सर्वेक्षणाशिवाय तयार होत नाही. हा फरक न करण्यात काहींचा फायदा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळेच बेकायदा असले की सगळ्यांशीच सौदा करता येतो.

पाणी आणि ऊन

भविष्याचे आराखडे बहुतेक वेळा वाहनांच्या आकड्यांवर उभे राहतात. या चौकाला त्याहून जुने दोन हिशेब चुकते करायचे आहेत.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी मोर भवनच्या बस स्टँडात घुसली. बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. झाशी राणी चौकाच्या बाजूनं पाणी चढलं. आपण नदी म्हणून तिच्याकडे बघायचंच सोडलं होतं, नाला म्हणत होतो; त्या पहाटे तिनं पत्ता कळवला. त्यामुळे या भागात इथून पुढं जे काही सिमेंटचं होईल, स्टँडची नवी इमारत असो की फुटपाथ, त्याचं पाणी जाणार कुठं हे आधी विचारायला हवं. सिमेंट रोडची उंची वाढत वाढत दुकानांच्या उंबऱ्यापर्यंत आलेली नागपूरनं पाहिली आहे.

आणि ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो. अलीकडच्या उन्हाळ्यांत दुपारी काही सिग्नल बंद ठेवणं, सिग्नलपाशी हिरव्या जाळ्या टांगणं असे उपाय झाले. दुचाकीवाल्यांची त्यानं खरंच सोय झाली, मीही त्या जाळीखाली थांबून सुटकेचा श्वास घेतला आहे. पण जाळी सिग्नलला थांबलेल्या गाडीसाठी टांगली, चौक पायी ओलांडणाऱ्यासाठी किंवा सकाळी दहा ते रात्री दहा तिथंच बसणाऱ्या विक्रेत्यासाठी नाही. पाण्याच्या पाणपोया दुकानदार मंडळी आणि धर्मादाय लोक चालवतात, माठ लाल फडक्यात गुंडाळलेला. सरकारी म्हणावी अशी सावली एकच आहे, ती पुलाखालची.

पुढं काय करता येईल

केंद्रानं डिसेंबर 2022 मध्ये मंजूर केलेला मेट्रोचा दुसरा टप्पा सुमारे 43.8 किलोमीटरचा आहे. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा, ट्रान्सपोर्ट नगर अशा चारही दिशांची माणसं त्यातून सीताबर्डीला येऊन मिळतील. आजच्या गर्दीवर बेतलेला चौक तेव्हा पुरणार नाही. नवा उड्डाणपूल, स्कायवॉक, भुयारी मार्ग असे प्रस्ताव अशा वेळी आपोआप उगवतात. जमिनीवर काही सोडवायचं नसलं की आपण वर जातो नाहीतर खाली. स्टेशनसमोर दुकानांसकट बांधलेला उड्डाणपूल अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत पाडायची वेळ याच शहरावर आली, एवढी आठवण पुरे.

मी सुरुवात पुलाखालून करीन. दुचाकी तिथून हलवायच्या आणि ती सावली चालणाऱ्यांना आणि प्रमाणपत्रधारक विक्रेत्यांना द्यायची. खांबाखांबामध्ये ओटे, पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह. मेन रोडवर आलेल्या बाईला या शेवटच्या गोष्टीसाठी मॉल नाहीतर ओळखीचं दुकान शोधावं लागतं, आणि त्याबद्दल कोणी मोर्चा काढत नाही. दुसरं, मुंजे चौक ते व्हरायटी एक सलग पट्टा, ज्यावर डीपी, खांब, बाइक काहीही नको. आणि त्या पट्ट्याची जबाबदारी एका अभियंत्याच्या नावावर, त्याचा फोन नंबर खांबावर. डीपी हलवायला पैसे लागतील. बाकीच्याला इच्छाशक्ती लागेल, जी अंदाजपत्रकात दाखवता येत नाही.

दुकानदारांचा आक्षेप ठरलेला आहे: गाडी दुकानासमोर लागली नाही तर गिऱ्हाइक धरमपेठेला जाईल. आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. लग्नाच्या खरेदीला सात पिशव्या आणि आजी घेऊन आलेलं कुटुंब मेट्रोनं येत नाही. मेन रोडमागच्या मोदी नंबर एक, दोन, तीनच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनाही घरापर्यंत गाडी न्यावी लागते, आजारपणं असतात, मालाचे टेम्पो असतात. त्यामुळे रस्ता कायमचा वाहनमुक्त करा ही मागणी मला पोस्टरवर बरी वाटते, अमलात नाही. मालवाहतूक सकाळी दहाच्या आत, रहिवाशांना पास, आणि ठरावीक वेळी पूर्ण बंद, असं काही चालू शकेल. दिवाळीच्या तोंडावर मेन रोडवर गाडी नेणं तसंही अशक्य होतं आणि नेमका तेव्हाच बाजारात सर्वांत जास्त धंदा होतो, हे व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको.

मोर्चांची जागा मात्र आराखड्यात लिहून ठेवावी लागेल. आंदोलनं शहराबाहेरच्या एखाद्या मैदानावर हलवायची सूचना अधूनमधून होते. ज्यांच्याविरुद्ध मोर्चा आहे त्यांना तो दिसणारच नसेल तर माणसं मेळघाटातून आणि गडचिरोलीतून इतक्या लांब कशाला येतील? ती येतीलच, आणि 1994 नंतर तरी त्यांच्या थांबण्याची, पाण्याची आणि बाहेर पडण्याच्या वाटांची सोय बंदोबस्ताच्या कागदात न राहता चौकाच्या नकाशात यायला हवी.

हे सगळं आजमावून बघायला प्रकल्प अहवालाची गरज नाही. हिवाळी अधिवेशनात वाहतूक शाखा याच भागातली वाहनं वळवते. पर्यायी मार्ग ठरलेले आहेत, बॅरिकेड कुठं लावायचे ते हवालदारांना तोंडपाठ आहे, आणि शहर त्या दिवसांत कुरकुरत का होईना, चालतं. तीच अधिसूचना जानेवारीतल्या चार रविवारी संध्याकाळी चार ते नऊ लागू करावी. पुलाखालच्या दुचाकी तेवढ्या वेळेपुरत्या हलवाव्यात. पथविक्रेता समितीनं जमिनीवर चुन्यानं चौकोन आखून द्यावेत. त्या चार संध्याकाळी दुकानांचा गल्ला किती भरला, विक्रेत्यांची विक्री किती झाली आणि किती माणसं पायी आली, हे व्यापारी संघटना आणि समितीनं एकत्र बसून मोजावं. मसुदा पोलिसांकडे तयार आहे. त्यात फक्त तारखा आणि कारण बदलावं लागेल.